ध्वनियंत्राची पारख

"ऐकावें जनाचें, करावें मनाचें" ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणापासून ऐकलेली आहे. संसारांतल्या बहुतेक व्यवहारांना ती पुरी पडते. परंतु घरीं बसून गाणें ऐकण्याकरितां एखादें यंत्र विकत घ्यावयाचें असेल, तर हीच म्हण माणसाला दोन्ही टोकांनीं फसवूं शकते, असा माझा अनुभव आहे. जनाचें ऐकून मी एकदां फसलों. मग शहाणा होऊन मनाचें करावयास निघालों, तों पुन्हां फसण्याच्या बेतांत आलों. मी या विषयांतला तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून चौतीस वर्षें मुलांना गणित आणि थोडेंसें सृष्टिशास्त्र शिकविलें, एवढेंच माझें भांडवल. पण फसगत झाली म्हणजे ती कां झाली याचा छडा लावल्याखेरीज मास्तराला झोंप येत नाहीं. तो छडा लावतांना जें हातीं आलें तें आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

प्रसंग असा. चार वर्षांपूर्वीं काचबिंदूनें माझ्या पत्नीची नजर मंदावली. वाचन बंद झालें, शिवणकाम सुटलें. लहानपणीं ती सात-आठ वर्षें गाणें शिकलेली. तेव्हां दिवसाचे जे तास रिकामे झाले ते गाण्यानें भरावे असें आम्हीं दोघांनीं ठरविलें. घरांत एक जुना रेडिओ होता, परंतु त्याचा आवाज डब्यांतून आल्यासारखा. निवृत्तीच्या पैशांतून एक चांगला संच घ्यावा असें मीं मनांत आणलें, आणि तो कोणता याचा निर्णय मास्तरी पद्धतीनें करावयास बसलों. सहा महिने मिळतील तीं परीक्षणें वाचलीं. मासिकांतलीं वाचलीं, वृत्तपत्रांतलीं वाचलीं, पुतण्यानें आपल्या फोनवर दाखविलीं तींही वाचलीं. एका वहींत रकाने आंखले आणि प्रत्येक यंत्राला प्रत्येक परीक्षकानें दिलेलीं विशेषणें उतरून घेतलीं. कोणाचा आवाज 'पारदर्शक', कोणाचा 'मोकळा', कोणाचा 'मखमली'. विशेषणांना गुण दिले, बेरजा मांडल्या, आणि पहिला आलेला विद्यार्थी वाजतगाजत घरीं आणला. त्याची किंमत मी अजून घरांत पूर्णपणें सांगितलेली नाहीं.

दोन दिवस तिनें तो संच ऐकला. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पाहतों, तर ती जुना रेडिओ उशाशीं घेऊन बसलेली. मीं विचारलें तेव्हां म्हणाली, "अहो, गाणारा चांगला आहे, पण मागचा तंबोरा ऐकवत नाहीं. जवारी पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी वाजते आणि खर्ज ढोलासारखा घुमतो." मला राग आला. ज्या यंत्राला इतक्या जाणत्यांनीं प्रशस्तिपत्रें दिलीं त्याला नांवें ठेवणारी ही कोण, असाही एक क्षुद्र विचार मनांत येऊन गेला हें कबूल केलें पाहिजे. शिवाय मी जेथें बसत होतों तेथें मला खर्ज मुळींच घुमत नव्हता. उलट तो जरा कमीच वाटत होता.

एकाच खोलींत, एकाच वेळीं, एकाच यंत्राबद्दल दोघांचें इतकें विरुद्ध मत कसें पडावें? याचें उत्तर पुढें जें सांपडलें तें अगदीं सातवीच्या गणितांतलें निघालें. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें तो मागें-पुढें आपटत राहतो, आणि ज्या स्वराच्या लहरीची अर्धी लांबी त्या अंतराशीं जुळते तो स्वर खोली स्वतःच उचलून धरते. आमच्या खोलीची रुंदी आठ फूट. तिची दुप्पट सोळा. ११३० ला १६ नें भागा. उत्तर सुमारे ७०. म्हणजे सेकंदाला सुमारे ७० कंपनांचा स्वर हा आमच्या खोलीचा लाडका स्वर. आतां काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर येते. झालें! यंत्रानें काढलेल्या प्रत्येक खर्जाला आमच्या दोन भिंती टाळ्या देत होत्या. अशा बांधलेल्या लहरीचा दाब भिंतीपाशीं सर्वांत अधिक आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो. पत्नीची खाट भिंतीला लागून आणि माझी खुर्ची खोलीच्या मध्यावर. तिला ढोल ऐकूं येई आणि मला कांहींच नाहीं. दोघेंही खरेंच बोलत होतों.

आतां ज्या परीक्षकांचीं मतें मीं वहींत उतरविलीं, त्यांपैकीं एकानेंही आमच्या आठ फुटी खोलींत पाऊल टाकलेलें नव्हतें. त्यांच्या खोल्या मोठ्या, जमिनीवर गालिचे, भिंतींना पडदे, पुस्तकांनीं भरलेलीं कपाटें. आमच्याकडे खालीं फरशी, भिंतींना चुना आणि एक कॅलेंडर. टाळी वाजविली तर ती खणखणत राहते. आपल्या घरीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्याला पैसे पडत नाहींत आणि खोलीचा स्वभाव चटकन् कळतो.

पत्र्यावरच्या पावसाचें कारण मात्र वेगळें होतें, आणि तें समजण्यासाठीं तंबोऱ्याविषयीं थोडें बोलणें भाग आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट न ठेवतां अगदीं किंचित् उतरता घासतात आणि तार व घोडी यांच्यामध्यें एक बारीक दोरा सरकवितात. तो दोरा नेमक्या जागीं आला कीं तार घोडीला पुन्हां पुन्हां स्पर्श करीत सुटते आणि मूळ स्वरावर उपस्वरांचें एक जाळें पसरतें. हीच जवारी. सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ सालीं आपल्या वाद्यांवर एक लेख लिहिला; त्यांत त्यांनीं या घोडीची मोठी गंमत दाखविली आहे. साध्या तारेचा असा नियम आहे कीं, ती जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा निश्चल बिंदु येतो तो उपस्वर उमटत नाहीं. तंबोऱ्याची घोडी हा नियम मोडते. जो उपस्वर निघूंच नये तो ठसठशीतपणें ऐकूं येतो. म्हणजे तंबोरा हा सबंध स्वरसप्तकाच्या वरपर्यंत पोंचणारे बारीक उपस्वर एकसारखे, न थांबतां, काढीत असतो. यंत्र जर वरच्या पट्टींतले स्वर जरासे वाढवून वाजवीत असेल, तर गायकाच्या गळ्यांत तें कदाचित् लक्षांतही येणार नाहीं, पण तंबोऱ्याची जवारी तेथल्या तेथें चहाडी करील. माझ्या संचाला 'प्रत्येक बारकावा स्पष्ट ऐकूं येतो' असें जें प्रशस्तिपत्र मिळालें होतें त्याचें मर्म हेंच असावें. ज्या परीक्षकाच्या खोलींत गालिचा तो वाढीव भाग शोषून घेत होता, आणि जो पियानो व व्हायोलिन ऐकत होता, त्याला ती स्पष्टता वाटली. आमच्या फरशीवर ती करकर झाली. परीक्षक खोटें बोलला असें मी म्हणणार नाहीं. त्यानें आपल्या घरचें खरें लिहिलें; तें आमच्या घरीं खरें ठरेल हें मीं गृहीत धरलें.

तेव्हां यापुढें कोणाचें ऐकावयाचें नाहीं, आपल्या कानांनींच ठरवावयाचें, असा निश्चय करून मी शहरांतल्या एका मोठ्या दुकानांत गेलों. दुकानदार सज्जन. त्यानें दोन संच लावले. पहिला बरा होता. दुसरा लावतांच मी खुर्चींत सरळ बसलों. तबला कसा अंगावर आला, गायक कसा समोर येऊन बसला! खिशांत हात घालणार इतक्यांत बरोबर आलेल्या पुतण्यानें उठून दुसऱ्या संचाची कळ थोडीशी मागें फिरविली आणि म्हणाला, "काका, आतां सांगा." आतां कांहींच सांगतां येईना. दोन्ही सारखेच वाटूं लागले.

ही जी युक्ति, ती दुकानदारानें मुद्दाम केली कीं आपोआप झाली हें ठाऊक नाहीं, पण तिच्यामागचें शास्त्र पक्कें आहे. अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंत हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनीं १९३३ सालीं माणसाच्या कानाचे जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांवरून दिसून आलें कीं हळू आवाजांत आपला कान खालच्या स्वरांना फार बधिर असतो. आवाज जसा वाढवावा तसतसा तो बधिरपणा कमी होतो आणि तेंच गाणें भरदार वाटूं लागतें. मौज अशी कीं, वाढ फार थोडी असली तर ती वाढ म्हणून कळतच नाहीं. एक डेसिबल म्हणजे ध्वनीच्या शक्तींत सव्वापट वाढ. एवढी वाढ झाली तर ऐकणारा "आवाज मोठा झाला" असें न म्हणतां "हें यंत्र अधिक चांगलें आहे" असें म्हणतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करण्यापूर्वीं त्यांचा आवाज मोजून सारखा केला नाहीं, तर बाकीचें सारें ऐकणें फुकट. हल्लीं साध्या फोनवर ध्वनि मोजण्याची सोय मिळते. तिचा आंकडा फारसा बिनचूक नसला तरी दोन यंत्रें एकमेकांशीं जुळविण्यापुरता ती उपयोगी पडते. श्रुतिपेटीचा एक संथ स्वर दोन्हींवर वाजवून तो आंकडा सारखा करावा.

कान फसतो हें कांहीं आजचें नव्हे. एडिसन साहेबांनीं १९१२ सालीं आपला नवा तबकडीचा फोनोग्राफ विक्रीस आणला आणि १९१५ पासून पुढें दहा वर्षें त्याचे जाहीर प्रयोग अमेरिकेंतल्या गांवोगांवच्या सभागृहांत करविले. रंगमंचावर यंत्र, आणि त्याच्या शेजारीं तीच गायिका जिचें गाणें तबकडीवर घेतलेलें. ती यंत्राबरोबर गाऊं लागे, मध्येंच ओठ मिटी, पुन्हां गाई. मग दिवे मालवीत. अंधारांत गाणें चालूच. दिवे लागावे तों रंगमंचावर गायिका नाहीं, नुसतें यंत्र गात आहे! प्रेक्षक थक्क होत आणि वर्तमानपत्रें लिहीत कीं माणूस कोणता आणि यंत्र कोणतें हें सांगतां येत नाहीं. ती ध्वनिमुद्रणें आज ऐकिलीं तर आपल्याला हंसूं येईल, इतकीं तीं अपुरीं आहेत. त्या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस या गायिकेनें पुढें १९७२ सालीं एका मुलाखतींत उघड केलें कीं, ती आपला गळा यंत्राइतका लहान आणि यंत्राच्या जातीचा करून गात असे. माणसानें यंत्राची नक्कल केली आणि हजारों लोकांनीं स्वतःच्या कानांनीं ऐकून यंत्राला माणसाचें प्रमाणपत्र दिलें. हे लोक कोणाचें परीक्षण वाचून आले नव्हते, हें लक्षांत ठेवावें.

याहून मला अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट दुसरीच आहे. १९४५ सालीं चिन आणि आयझेनबर्ग या दोघांनीं अमेरिकेंतल्या रेडिओच्या श्रोत्यांना एकच संगीत निरनिराळ्या प्रकारें ऐकविलें: एकदां सर्व स्वरपट्टी मोकळी ठेवून, एकदां वरचे व खालचे स्वर छाटून. बहुसंख्य श्रोत्यांनीं छाटलेलें संगीत पसंत केलें! झालें, लोकांना उत्तम ध्वनि नकोच आहे असें कित्येकांनीं ठरवून टाकलें. दोन वर्षांनीं, १९४७ त, हॅरी ओल्सन यानें यंत्राला बाजूला सारलें. त्यानें खोलींत खरेखुरे वादक बसविले आणि वादक व श्रोते यांच्यामध्यें ५००० कंपनांवरचे स्वर अडविणारी, पाहिजे तेव्हां उघडतां येणारी एक आडभिंत उभी केली; तिच्यापुढें पातळ पडदा. आतां श्रोत्यांपैकीं बहुसंख्यांनीं उघडें, संपूर्ण संगीत निवडलें. मग आधींच्या श्रोत्यांचें काय चुकलें होतें? त्यांचें कांहीं चुकलें नव्हतें. त्या काळच्या यंत्रांतून वरच्या स्वरांबरोबर खरखर आणि विकृतिही येत असे. वरचे स्वर छाटले कीं घाणही छाटली जाई. श्रोत्यांनीं घाणीला नको म्हटलें, आणि प्रयोग करणाऱ्यांनीं तें स्वरांना नको म्हटलें असें लिहून घेतलें. माझ्या पत्नीनें "तंबोरा ऐकवत नाहीं" म्हटलें तेव्हां मीही हाच घोटाळा केला होता.

डोळ्यांचा अडथळा तर विचारूंच नका. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर दोन वेळां ऐकविले. एकदां समोर दिसत असतांना, एकदां पडद्याआड. श्रोते ध्वनियंत्रें करणाऱ्या कंपनीचेच नोकर, म्हणजे अगदींच अडाणी नव्हेत. दिसत असतांना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण मिळाले आणि लहानशा स्वस्त स्पीकराला कमी. पडदा आला तसें तें अंतर पुष्कळसें मिटलें. आणखी एक गोष्ट: स्पीकर खोलींतल्या एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलविल्यानें आवाजांत जो फरक पडतो तो पडद्याआडच्या वेळीं श्रोत्यांनीं बरोबर टिपला, समोर दिसत असतांना मात्र त्यांना तो फारसा जाणवला नाहीं. डोळा उघडा असला कीं कान काम टाळतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मग घरीं आम्हीं एक परीक्षाच घेतली. पुतण्यानें आपल्याकडचे दोन जुने लहान स्पीकर आणले. माझा महागडा संच आणि ते, दोन्ही एका चादरीमागें मांडले. आवाज मोजून जुळविला. पुतण्यानें नाणें उडवावें, छाप पडला तर एक, कांटा पडला तर दुसरा, असें दहा वेळां वाजवावें. मी कागदावर लिहावें. पत्नीनें उत्तर पुतण्याच्या तळहातावर बोटानें एक किंवा दोन रेघा ओढून सांगावें, म्हणजे एकाचें दुसऱ्याला कळूं नये. नुसत्या अंदाजानें दहांपैकीं आठ किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव १०२४ त ५६, म्हणजे अठरांत एक. तेव्हां आठांच्या खालीं गुण मिळाले तर फरक ऐकूं आला असें खात्रीनें म्हणूं नये, असें मींच आधीं ठरवून भिंतीवर लिहून ठेवलें.

मला सहा मिळाले. पत्नीला नऊ.

चौतीस वर्षें दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या माणसाला हा निकाल गोड लागला नाहीं. पण त्यांत आश्चर्य तरी काय? वय वाढतें तसे वरचे स्वर प्रथम ऐकूं येईनासे होतात. लहान मुलाला वीस हजार कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो. साठी उलटलेल्या बहुतेकांची मजल त्याच्या निम्म्यावर येऊन ठेपते. जेथें तो पत्र्यावरचा पाऊस पडत होता त्या प्रांताच्या बऱ्याच भागांत मला आतां प्रवेशच नाहीं. ज्या परीक्षकांचीं मतें मीं प्रमाण मानलीं त्यांच्या वयांचा तरी मीं कोठें विचार केला होता? नजर गेल्यामुळें तिचे कान तीक्ष्ण झाले असें शेजारी म्हणतात. तिला तें पटत नाहीं. ती म्हणते, कान पूर्वींचेच आहेत, आतां लक्ष दुसरीकडे जात नाहीं इतकेंच.

परीक्षणें मी अजून वाचतों, पण वाचण्याची रीत बदलली. ज्या परीक्षकाचें मत विचारांत घ्यावयाचें, त्यानें आपल्या घरीं असलेल्या एखाद्या यंत्राबद्दल काय लिहिलें आहे तें आधीं शोधून काढतों आणि तें माझ्या अनुभवाशीं ताडून पाहतों. त्याला जें 'मोकळें' वाटतें तें आमच्याकडे कसें वाजतें हें एकदां कळलें म्हणजे त्याच्या शब्दांचा कोश हातीं येतो. शिवाय एका संध्याकाळच्या ऐकण्यानें न कळणाऱ्या गोष्टी असतातच. विजेचा दाब खालीं-वर झाला तर ॲम्प्लिफायर टिकतो का, दुरुस्तीला सुटे भाग मिळतात का, मोजणीच्या आलेखांत वरची पट्टी उगीच वर चढविलेली आहे का, हें दुसऱ्यानें सांगितल्याशिवाय आपल्याला समजण्याचा मार्ग नाहीं. विशेषणें मात्र मी आतां वगळून वाचतों, आणि मग पुष्कळशा परीक्षणांत फार थोडें उरतें.

ऐकावयाचें तर तेंही दुकानांत पांच मिनिटें ऐकून भागत नाहीं. झगझगीत आवाजाचें यंत्र पांच मिनिटांत बाजी मारतें आणि तासाभरानें डोकें उठवितें. ज्या गायकाला समोर बसून ऐकलें आहे त्याचें गाणें, मागें तंबोरा स्पष्ट असलेलें, आपल्याच खोलींत, आपल्याच नेहमींच्या आवाजांत, निदान आठवडाभर ऐकावें. यंत्र घरीं नेऊं द्या असें मीं त्या पहिल्या दुकानदाराला विनविलें, तेव्हां त्यानें हंसून नकार दिला. दुसऱ्या एका लहान दुकानदारानें अनामत ठेवून घेऊन आठ दिवसांसाठीं दिलें.

तें घरीं आणण्यापूर्वीं आम्हीं आणखी एक काम केलें, आणि तें आधींच करावयास हवें होतें. खाट भिंतीपासून दोन हात पुढें ओढली, स्पीकर कोपऱ्यांतून काढले, समोरच्या भिंतीवर एक जाड सतरंजी टांगली आणि फरशीवर दोन गोधड्या पसरल्या. तोच महागडा संच पुन्हां लावला. खर्जाचा ढोल बराच निवळला. पाऊसही मंदावला, तरी थांबला नाहीं. आठ दिवस दोन्ही संच आळीपाळीनें चादरीमागें राहिले आणि आठव्या दिवशीं पत्नीनें लहान दुकानदाराचा संच ठेवून घेण्यास सांगितलें. त्याची किंमत पहिल्याच्या एकतृतीयांश होती. महागडा संच पुतण्याकडे आहे. त्याच्या खोलींत गालिचा आहे आणि त्याला तंबोऱ्याची फारशी आवड नाहीं. तो म्हणतो, आवाज अगदीं पारदर्शक आहे.